ट्राउटच्या नदीवर ठाण्याची खाडी नेऊ नका: या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत गळाचा नाद असलेल्यांना तोटा नाही. वाशी-ऐरोलीच्या खाडीवर शिंगाळा, बोई आणि नशीब जोरावर असेल तर जिताडा. यातलेच काही जण आता फ्लाय रॉड (फ्लाय म्हणजे पिसं-दोऱ्याचा खोटा किडा, तो फेकायचा रॉड) घेऊन ट्राउटसाठी हिमाचलात तीर्थन नाहीतर सैंजच्या खोऱ्यात जाऊ लागलेत, आणि बरेचसे हात हलवत परत येतात. तिथे मासा नसतो असं नाही. रॉड नवा घेतलेला असतो, पण सवयी खाडीच्याच असतात: लांब फेका, शिसं लावा, वाट बघा आणि चावा आला की दणका द्या. डोंगरातल्या नदीवर या चारही गोष्टी अंगाशी येतात.

'भंडारदऱ्याला मिळेल का हो?' असं विचारणारे भेटतात, म्हणून आधीच सांगतो: नाही. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की त्याचा जीव कासावीस होतो. तो आपल्याकडचा मूळ मासाही नव्हे, ब्रिटिशांनी आणून सोडला. काश्मीर आणि हिमाचलात तो रुजला, दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या उंचीवर टिकला. महाराष्ट्रात त्याचं नाव काढू नये.

सुट्टी बघून तिकीट काढणं

ही घरबसल्या होणारी चूक. हिमाचलात ट्राउटची मासेमारी 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद असते, कारण ब्राउन ट्राउटचा विणीचा काळ तोच. दिवाळी नोव्हेंबरात आली की सुट्टी मोकळी आणि नदी बंद, असं होतं. नाताळचं तर विचारूच नका.

मे महिन्याची सुट्टी चालते, पण तेव्हा वरचा बर्फ वितळत असतो. नदी फुगलेली, पाणी दुधी. अशा दिवसांत सकाळी लवकर पाण्यावर असावं लागतं. पराठे आणि दोन चहा आटोपून अकराला नदीवर पोचलात तर दिवसाचा चांगला भाग संपलेला असतो. मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर हा काळ त्या मानाने सोपा.

पावसाळ्याबद्दल आपल्या लोकांना वेगळं सांगावं लागतं. पाऊस पडला की डोंगरात जायचं हे आपल्याला येऊर आणि माळशेजने शिकवलंय. ते सह्याद्रीपुरतं ठेवा. जुलै 2023 मध्ये बियासने कुल्लूत रस्ते, पूल आणि घरं कशी नेली ते सगळ्यांनी पाहिलंय.

लायसन्स मत्स्य विभागाचं लागतं, ते खिशात ठेवा. काश्मीरमध्ये नदीचे 'बीट', म्हणजे ठराविक पट्टे, पाडलेले असतात आणि परवाना त्या बीटपुरता मिळतो. तीर्थनच्या वरच्या अंगाला ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क सुरू होतं, 2014 पासून जागतिक वारसा यादीत असलेलं. आत जायला वेगळी परवानगी लागते. तिथे गळ टाकायचा की नाही, हे हद्दीच्या अलीकडे असतानाच वनविभागाला विचारून घ्या.

फक्त लांब फेकायचा सराव

खारघरच्या सेंट्रल पार्कात किंवा सोसायटीच्या लॉनवर सराव करणारे दिसतात. चांगलं आहे. (फिरायला आलेले आजोबा 'इथं मासे कुठून आले?' म्हणून थांबतात, त्यांना हसून उत्तर द्यावं.) पण सगळा जोर असतो तो लाइन किती लांब गेली यावर. तीर्थनसारख्या नदीवर तुमचा मासा बहुतेक वेळा 20 ते 30 फुटांत असतो, मागे झाडं असतात आणि पुढे धोंडे. तिथे साठ फुटांचा कास्ट कुणाच्या कामाचा? गवतावर जेवणाचं ताट ठेवा आणि पंचवीस फुटांवरून फ्लाय ताटात पडेपर्यंत सोडू नका. फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधा, हुक नको. डांबरी रस्त्यावर किंवा गच्चीच्या फरशीवर सराव केलात तर लाइन खरवडून निघेल.

खाडीवर शिसं किंवा लूअर (खोटं आमिष) पुढे जातं आणि दोरा मागून ओढत नेतं. इथे उलट असतं. फ्लायला वजनच नसतं. वजन असतं लाइनला, आणि रॉड वाकून ती लाइन फेकतो. म्हणून खांद्याची ताकद लावून उपयोग नाही. रॉड पुढे-मागे जाताना हळूहळू वेग घ्या आणि टोकाला झटकन थांबा. त्या थांबण्यात सगळं आहे.

काय बिघडतंय ते लक्षणावरून ओळखता येतं. चाबकासारखा फटकारा ऐकू आला तर लाइन मागे सरळ व्हायच्या आत तुम्ही पुढे ओढलीत, फ्लाय बहुधा तुटून गेलीय. लाइन मागे गवतात पडत असेल तर मनगट मागे वाकतंय, रॉड फार मागे जातोय. लीडरला (लाइन आणि फ्लायमधल्या बारीक दोऱ्याला) आपोआप गाठी पडत असतील तर पुढच्या झटक्यात सुरुवातीलाच जोर लागतोय. वारा होता म्हणून गाठ पडली, हे बहुतेकदा निमित्त असतं. आणि गाठ दिसली की टिपेट, म्हणजे लीडरचं सगळ्यात बारीक टोक, बदला. त्या गाठीवरच मासा तोडून जातो.

मागे झाडी असेल तर रोल कास्ट हवा, म्हणजे लाइन मागे न फेकता पुढे टाकणं. तो गवतावर नीट शिकता येत नाही, लाइनला पाण्याची पकड लागते. पनवेल-कर्जतकडे खासगी तळी आहेत, मालकाला विचारून तिथे करा. लहान निम्फवर (पाण्याखाली जाणाऱ्या फ्लायवर) चिलापी लागते, मासा सोडवायचाही सराव होतो.

आणि खाडीसाठी घेतलेला 8-9 नंबरचा (जड लाइनचा) रॉड तिकडे नेऊ नका. साडेआठ-नऊ फुटी, 4 किंवा 5 नंबरचा पुरे.

आल्या आल्या पाण्यात उतरणं

सगळ्यात जास्त मासे इथे जातात, आणि गेले हे कळतही नाही. नवीन वेडर्स (पाणी आत न येणारी, बुटापासून छातीपर्यंतची विजार) घातलेले असतात, नदी समोर असते, माणूस सरळ गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहतो आणि मधल्या धारेत फ्लाय टाकतो. जिथे तो उभा असतो तिथेच दोन मिनिटांपूर्वी मासा होता.

ट्राउट जोरदार धारेत ताकद घालवत बसत नाही. तो धारेच्या कडेला राहतो: धोंड्याच्या मागच्या संथ पाण्यात, पुढच्या उशीसारख्या भागात, काठाच्या कपारीखाली. पाणी फुगलेलं असलं की आणखी काठाशी येतो. त्याचं तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला असतं, म्हणून तुम्ही खालच्या अंगाने यायचं. पाण्याखालून त्याला बाहेरचं जग साधारण 97 अंशांच्या एका गोल खिडकीतून दिसतं. त्या खिडकीच्या कडेला, पाण्याच्या अगदी लगत जे असतं ते त्याला चेपलेलं आणि पुसट दिसतं. म्हणून वाकून चाला, धोंड्याआड गुडघे टेका. उभं राहून हात हलवणारी सहा फुटी आकृती, डोक्यावर पांढरी टोपी आणि अंगात ऑफिसच्या मॅरेथॉनचा केशरी टीशर्ट! सहल म्हणून फोटो झकास येतील.

काठावर पाच मिनिटं नुसतं बसा. मग बुटाजवळचं पाणी आधी, नंतर दोन हात पुढचं, असं करत बाहेर जा. चालताना दगडावर दगड घासला की त्याचा थरथराट माशाच्या अंगावरच्या, कंपनं टिपणाऱ्या रेषेला कळतो, म्हणून पाऊल ठेवा, आपटू नका.

फ्लाय ओढली जाणं, आणि दणका

फ्लाय पाण्यावर पडली, शेजारून बुडबुडे वाहतायत. दोघांचा वेग सारखा आहे का ते बघा. फ्लाय बुडबुड्यांच्या पुढे पळतेय किंवा मागे इंग्रजी व्ही काढत आडवी जातेय, म्हणजे मधल्या जोराच्या धारेने लाइन ओढली. असा किडा ट्राउटने जन्मात पाहिलेला नसतो. उपाय दोन: लाइनचा पोट आलेला भाग उचलून प्रवाहाच्या वर टाका, किंवा आणखी जवळ जाऊन रॉड उंच धरा आणि लाइन पाण्याला लागूच देऊ नका. दुसरा उपाय डोंगरातल्या नदीवर जास्त चालतो.

वर मासा उठताना दिसत नसेल तर ड्राय फ्लायचा (पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायचा) हट्ट सोडा. ट्राउट बहुतेक खाणं पाण्याखालीच खातो. फेझंट टेल किंवा हेअर्स इअर या निम्फ घ्या, 12 ते 16 नंबरच्या, मणी लावलेल्या. तळाला मधूनमधून अडकत नसतील तर त्या खोल जात नाहीयेत, वजन वाढवा.

चावा आला की जिताड्यासारखा हिसका देऊ नका. 5 एक्स टिपेट जेमतेम 0.15 मिमी जाडीचं असतं. रॉडचं टोक उचललं की हुक बसतो. निम्फवर लगेच उचला. ड्राय फ्लायवर मासा तोंड मिटून खाली वळेपर्यंत थांबा.

नदीचं घड्याळ न बघणं

आपल्या खाडीला भरती-ओहोटीचं पत्रक असतं. बर्फाच्या नदीलाही वेळ असते, फक्त छापील नसते. दुपारच्या उन्हाने वरचा बर्फ वितळतो आणि ते पाणी काही तासांनी तुमच्यापर्यंत येतं. सकाळी घोटाभर पाण्यातून पलीकडे गेलेला माणूस संध्याकाळी पलीकडेच अडकतो.

साधी युक्ती: पोचल्यावर पाण्याच्या अगदी कडेला एक ओळखू येईल असा दगड ठेवा, पांढरी शीर असलेला वगैरे. थोड्या थोड्या वेळाने त्याच्याकडे बघा. तो भिजू लागला की निघा. पाणी एकाएकी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहत यायला लागल्या, तर दगडाकडे बघायलाही थांबू नका. लाइन तोडा आणि वर चढा.

धरणाच्या खालच्या नदीला तर काही वेळच नसते. तीर्थन आणि सैंज लारजीजवळ बियासला मिळतात. तिथल्या धरणातून 8 जून 2014 च्या संध्याकाळी पाणी सोडलं गेलं आणि खाली पात्रात फोटो काढत असलेले हैदराबादचे 24 इंजिनीअरिंगचे विद्यार्थी वाहून गेले. पात्र कोरडं दिसतं म्हणून त्यात उतरू नये.

नदी ओलांडायचीच तर तोंड वरच्या दिशेला, हातात काठी, सॅकचा कमरेचा पट्टा सोडलेला, वेडर्सचा पट्टा मात्र घट्ट. पडलात तर उताणे व्हा, पाय पुढे, आणि जोराच्या धारेत उभं राहायची धडपड करू नका. दगडात पाय अडकला की पाणी डोक्यावरून जातं. ढग गडगडले की रॉड खाली ठेवा, कार्बनमधून वीज वाहते. वरच्या खोऱ्यात फोनला रेंज नसते, तेव्हा होमस्टेवाल्या भाऊंना कुठल्या बाजूला जाताय आणि किती वाजता परताल ते सांगूनच निघा.

मासा धरणं आणि सामान ठेवणं

सोडायचा असेल तर हुकच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाका, हात ओले करा, फोटोसाठी कोरड्या वाळूवर ठेवू नका. प्रवाहाकडे तोंड करून धरा, स्वतःहून जाईल. खायचा असेल तर नियमात बसेल तेवढा खा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

रॉडची नळी विमानात चेक-इन करा, हुकच्या पेट्याही. परत आल्यावर खरा शत्रू आपली हवा. जूनमध्ये बंद पेटीत ठेवलेल्या ओल्या फ्लायचे हुक गणपतीपर्यंत गंजतात आणि पिसांना कसर लागते. पेटी उघडी ठेवून पंख्याखाली वाळवा, आत सिलिका जेलची पुडी टाका. डास पळवायच्या क्रीममध्ये डीट नावाचं रसायन असेल तर ते लावलेल्या हाताने लाइन धरू नका, तिचं प्लास्टिकचं आवरण चिकट होऊन सुटायला लागतं. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीतही तिचं तेच होतं. जुन्या लीडरचे बारीक तुकडे करून कचऱ्यात टाका, पुढच्या मोसमात नवीनच बांधा.