स्ट्रमिंग शिकताय? निदान या चुका तरी टाळा

गिटार घेऊन माझ्याकडे येणारं जवळपास प्रत्येक पोट्टं आधी मोबाईल दाखवतं. त्यात स्ट्रमिंगचं, म्हणजे तारांवरून हात खाली-वर फिरवण्याचं, बाणांचं चित्र असतं: खाली, खाली, वर, वर, खाली, वर. "सर, पॅटर्न येते मले, फक्त गान्यात बसत नाही." नाहीच बसणार. बाण सहा, पण हात हलतो आठ वेळा, हे त्या चित्रात लिहिलेलं नसतं.

सगळ्यात मोठी चूक हीच, हात थांबवणं. दोन 'वर' लागोपाठ आले की पोरं गोंधळतात, हात वरच अडकतो. अरे, वर गेलेला हात खाली आल्याशिवाय पुन्हा वर कसा जाईल? मधला 'खाली' तारांना न लागता हवेतून जातो. ऐकू येत नाही, पण असतो.

मी बाण पुसायला लावतो आणि केरवा, म्हणजे आठ मात्रांचा ताल, म्हणायला लावतो: धा गे ना ती, ना क धी ना. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या मात्रेला हात खाली. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्याला वर. आता दुसऱ्या मात्रेचा 'गे' आणि पाचवीचा 'ना' तारांना न लावता जाऊ द्या. उरले तेच तुमचे सहा बाण.

पहिले आठ दिवस मी कॉर्ड, म्हणजे डाव्या हाताने एकदम दाबायचे सूर, धरूच देत नाही. डावा हात तारांवर सैल ठेवायचा, उजव्याने नुसतं थपथप, तोंडाने केरवा. "फी घेता आन पोट्टं नुसतं थपथप करते?" असं आईबाप विचारतात. विचारू देत. 'सात दिवसांत गिटार' शिकलेल्यांचे हात नंतर सरळ करायला मला सहा महिने लागतात.

दुसरी चूक म्हणजे हाच एक पॅटर्न प्रत्येक गाण्यावर ठोकणं. दोन वर्षांपूर्वी गणपतीत आमच्या आर्वी तालुक्यातल्या एका गावात माझा अकरावीतला विद्यार्थी भजनी मंडळासोबत बसला. शिकून झालेले तीन आठवडे. मी म्हटलं होतं थांब, पण मांडव दिसल्यावर कोण थांबतो? पेटी, ढोलक, दोन खंजिऱ्या. पहिलं भजन केरव्यात होतं, ढोलकाने त्याला झाकून घेतलं. दुसरं निघालं दादरा तालात. सहा मात्रांच्या भजनावर हा आठ मात्रांचा पॅटर्न हाणतोय! दर आवर्तनाला, म्हणजे तालाच्या दर फेरीला, दोन मात्रांनी घसरतोय. चार आवर्तनं झाल्यावर, म्हणजे 24 मात्रांनी, सम, म्हणजे पहिली मात्रा, आपोआप जुळते. तेवढ्यात त्याने माझ्याकडे बघून हसूनही घेतलं. मी मान खाली घातली.

भजन संपल्यावर ढोलकवाले काकाजी म्हणाले, "बाबू, गानं कोन्त्या ठेक्यात हाये थे तं आयक पह्यले." गिटार काढून भिंतीला टेकवली आणि त्याच्या हातात खंजिरी दिली. पुढच्या चार भजनांत त्याचा हात एकदाही थांबला नाही. तुकडोजी महाराजांची मोझरी आमच्यापासून लांब नाही. त्यांची खंजिरी भजनं ऐकत वाढलेलं पोट्टं ते. मनगट तयारच होतं, बाणांनी बिघडवलं होतं.

दादऱ्याला मी सोपं ठेवतो. पहिल्या मात्रेवर फक्त जाड तार, दुसऱ्या-तिसऱ्यावर बारीक तारांवर हलके दोन 'खाली', चौथ्यावर पुन्हा जाड तार, मग पुन्हा हलके दोन. भारी काही नाही, पण ढोलकवाला डोळे वटारत नाही.

कॉर्ड बदलताना उजवा हात डाव्याची वाट बघत उभा राहतो, ही पहिल्या चुकीचीच धाकटी बहीण. जी वरून सी वर जायला उशीर झाला तर होऊ द्या. शेवटच्या 'वर'ला मोकळ्या तारा वाजल्या म्हणून मांडवातून कोणी उठून जात नाही. ठेका तुटला तर मात्र टाळ्या वाजवणारेही चुकतात.

'वर' जाताना सहाही तारा खरवडू नका, खालच्या तीन बारीक पुरे. डी कॉर्डला सगळ्यात जाड तार सोडा. पिक, म्हणजे तारा छेडायची चिप, जाड घेऊ नका, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं घ्या आणि मुठीत आवळू नका. हात कोपरातून नव्हे, मनगटातून हलवा, ओल्या हाताचं पाणी झटकतो तसा. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला साठ ठोक्यांवर लावा. साठावर कंटाळा येतो म्हणणारा नव्वदवर हमखास पळतो. मी वाद घालत नाही, त्याचं रेकॉर्डिंग त्यालाच ऐकवतो.

आणि मे महिन्यात गिटार टिनाच्या खोलीत भिंतीला लटकवून ठेवू नका. आपल्याकडचं ऊन माणसाला सोसत नाही, ब्रिजचा, म्हणजे तारा अडकवलेल्या पट्टीचा, गोंद काय टिकणार? ब्रिज उचकटला की दुरुस्तीला नागपूर, आणि तोवर मांडीवर केरवा वाजवत बसायचं. माझ्या एका विद्यार्थ्याने तसा महिना काढला. परत आला तेव्हा हात थांबत नव्हता.