हे पेन्शन आले, तेव्हा माझे कागद राहिले

आमचे हे लष्करातून हवालदार म्हणून पेन्शन आले, त्याला चार वर्षं झाली. पठाणकोटचं क्वार्टर सोडताना मी भांडी, पंखे, पोरांची सायकल, सगळं मोजून बांधलं. कागदांना मात्र हात लावला नाही. ते यांचं खातं, असं धरून चालले.

लग्नात माझं नाव बदललेलं. यांच्या रेकॉर्डवर सासरचं नाव, माझ्या आधारवर माहेरचं. युनिटमध्ये असताना क्लार्कनं पार्ट टू ऑर्डर, म्हणजे रेकॉर्डमधल्या बदलाची नोंद, काढून ते जुळवून दिलं असतं. साताऱ्यात आल्यावर त्यासाठी अ‍ॅफिडेव्हिट, पेपरात जाहिरात, मग पत्रामागून पत्र. सात महिने! तोवर माझं ईसीएचएस कार्ड, म्हणजे माजी सैनिकांच्या घरच्यांना उपचारासाठी मिळतं ते, अडकलं, आणि गुडघा नेमका तेव्हाच धरला.

म्हणून ज्यांच्या घरी वर्षभरात पेन्शन आहे, त्यांनी डिस्चार्ज बुक आणि पीपीओमधलं (पेन्शनचा आदेश) आपलं नाव, जन्मतारीख स्वतः वाचा. उद्या नवऱ्यामागे मिळणारं फॅमिली पेन्शन त्याच नावावर मिळणार असतं. बँकेचं खातं दोघांचं हवं. स्पर्शचा, म्हणजे सैन्याच्या पेन्शनच्या पोर्टलचा, पासवर्ड तुम्हालाही माहीत हवा. गावी आल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी आणि ओळखपत्र आधी, बाकीचं मागून. बारावीला ६० टक्के असतील आणि मूल इंजिनिअरिंग, नर्सिंगसारख्या कोर्सला जात असेल, तर पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज पहिल्याच वर्षी भरा. मुलीला महिना ३,०००, मुलाला २,५०० रुपये मिळतात. आमच्या थोरलीला मिळाली.

डीजीआर, म्हणजे सैनिकांच्या पुनर्वसनाचं खातं, त्याचे नोकरीसाठीचे कोर्स सर्व्हिसमध्ये असताना करता येतात, काही तर २४ आठवड्यांचे. यांनी “सिक्युरिटीतच तर जायचंय” म्हणून सोडला. आता बोलून दाखवत नाहीत, पण खंत आहे.

कागद जुळतात, माणूस घरात जुळायला वेळ लागतो, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. वीस वर्षं एकटीनं चालवलेल्या घराची रोज पहाटे पाचला इन्स्पेक्शन! एकदा मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. हळद सापडेपर्यंत फोडणी जळाली. त्या दिवशी मी फार बोलले. मग वीजबिल, गॅस, शाळेची फी यांच्याकडे सोपवली, स्वयंपाकघर सोडून. माझी शिवणाची ऑर्डर पोचवायलाही आता हेच जातात.

यंदा हयातीचा दाखला मोबाइलवरच काढला. फोन मी धरला होता. अ‍ॅप डोळे मिचकवा म्हणत होतं, आणि हे सावधानमध्ये ताठ बसलेले.