बाणावलीचं ‘गोवा चित्र’ संग्रहालय पाहायला जाताना

फोंड्याहून जाणार असाल तर मडगावला उतरून बाणावलीची बस धरा. सोमवार टाळा. व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी जमवलेल्या 4000हून अधिक जुन्या वस्तू इथे आहेत. सगळ्या एका दमात पाहू नका. आधी इमारत बघा, पाडलेल्या जुन्या घरांची दारं, खिडक्या, खांब वापरून ती उभी केली आहे. मग उसाच्या लाकडी घाण्यापाशी थांबा. बैल कुठे जुंपायचे, रस कुठून गळायचा, हे विचाराच.

आणि घरातलं वडीलधारं माणूस सोबत न्याच! आदोळी, म्हणजे पाटावर बसून नारळ खोवायची विळी, दिसताच आई माझ्या मुलीला सांगू लागली, “पाट असा दाबून बसायचं, करवंटी फिरवत राहायची, खोबरं पांढरंशुभ्र पडलं पाहिजे, काळपट साल येता कामा नये.” मी ते सगळं फोनवर रेकॉर्ड केलं. तुम्हीही करा.