साठीनंतर मणक्याचं ऑपरेशन: या चुका टाळा

एमआरआयचा रिपोर्ट हातात पडला की घरात त्याचं सामुदायिक वाचन सुरू होतं. 'एल-फोर, एल-फाइव्हला (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली) चकती फुगलीय', 'गॅप कमी झालाय', 'नस दबलीय'. मग तो फोटो पुण्याच्या भाच्याकडे आणि मुंबईच्या जावयाकडे जातो. कोल्हापुरात घरोघरी जाऊन मणक्याच्या पेशंटना व्यायाम शिकवण्याचं माझं काम आहे, आणि निम्मा घोळ या कागदापासूनच सुरू होतो असं माझं मत आहे. पाठ अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून जास्त लोकांच्या स्कॅनचा एक आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठीच्या वयात, काहीच दुखत नसलं तरी, सुमारे ८८ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसतात. म्हणजे रिपोर्ट खराब आला म्हणून लगेच ऑपरेशन असं नसतं.

बघायचं ते चालणं. रंकाळ्यावर रोज फिरणारा माणूस आता कुठवर जातो? थांबला की उभा राहतो, की बसायला कट्टा शोधतो? वयानुसार मणक्यातली नसांची वाट अरुंद झाली असेल तर चालताना, उभं राहताना पोटऱ्या भरून येतात, मुंग्या येतात. बसलं किंवा पुढं वाकलं की पाय मोकळे होतात. म्हणून अशा माणसाला सायकल जमते आणि चालणं जमत नाही. नुसतं उभं राहूनच पाय मोकळे होत असतील तर दोष पायाच्या रक्तवाहिन्यांचा असू शकतो; डायबेटीस किंवा बिडी-सिगारेट असेल तर ते आधी तपासून घ्यावं. डॉक्टरांना 'लई दुखतंय' एवढंच न सांगता किती चालल्यावर, काय केल्यावर कमी होतं, हे सांगा.

दुसरी चूक मेडिकलच्या काउंटरवर होते. 'कंबरेचा डोस द्या' म्हटलं की पुडीतून तीन-चार गोळ्या मिळतात आणि त्या महिनोन्महिने चालतात. या वयात दुखणं मारणाऱ्या गोळ्या किडनीवर, पोटावर आणि बीपीवर एकदमच येतात. बिननावाच्या पावडरीत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं, आणि बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड अचानक बंद करणंही धोक्याचं. भूलतज्ज्ञांसमोर लाजू नका, सगळी पाकिटं, पुड्या पिशवीत घालून न्या. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची ते त्यांनी सांगायचं, शेजाऱ्यानं नाही.

आणि मिश्री! आजींना तंबाखूबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं: 'छ्या, मी कुठं तंबाखू खातो? नुसती मिश्री लावतो.' मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. स्क्रू घालून मणके जोडायचे असतील तर त्या जागी हाड धरायला कित्येक महिने लागतात, आणि निकोटीन नेमकं त्यात आडवं येतं.

तालमीतल्या वस्तादाच्या हाताला गुण असेल, पैलवानाच्या लचकेसाठी. ठिसूळ हाडांच्या सत्तरीच्या माणसाला पाठीत झटका देऊन घेऊ नये, साध्या धक्क्यानंही मणका चेपतो. काही लक्षणं तर कुणाच्याही हाताची वाट न बघण्यासारखी असतात. पायाचा पंजा उचलत नाही, चप्पल निसटून मागं राहिली तरी कळत नाही, लघवी अडकते किंवा नकळत होते, बसायची जागा बधिर होते. रात्र असो की रविवार, त्याच वेळी हॉस्पिटल गाठा. पाठदुखीबरोबर ताप, घटतं वजन, रात्री वाढणारं दुखणं असेल तर मणक्याचा टीबी आणि कॅन्सर नाही ना, हे बघावंच लागतं.

ऑपरेशनकडून काय मिळणार हे आधी विचारून घ्या. नस मोकळी केल्यावर पायाची कळ जितकी कमी होते, तितकी कंबरदुखी होईलच असं नाही. हे कुणी सांगितलेलं नसतं, आणि मग 'ऑपरेशन फेल गेलं' म्हणून गल्लीभर होतं.

घरी आल्यावरची चूक मायेपोटी होते. हॉस्पिटलात दुसऱ्याच दिवशी चालवलेल्या माणसाला मुलगा घरी सांगतो, 'बाबा, तुम्ही काय उठू नका, सगळं जाग्यावर देतो.' पडून राहिलं की मांड्या भराभर वाळतात, पोटरीत रक्ताची गाठ होण्याची भीती वाढते. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा, घरातल्या घरात चालवा.

उठवतानाही घाई नको. पेशंटच्या दोन्ही हातांना धरून त्याला सरळ ओढून बसवणं अगदी चूक. गुडघे वाकवायचे, खांदा आणि कंबर एकाच वेळी वळवून कुशीवर यायचं, पाय पलंगावरून खाली सोडायचे आणि त्याच वेळी खालच्या कोपरानं, वरच्या तळहातानं गादी रेटत उठायचं. पाठ मध्ये पिळली जाता कामा नये. मदत करणाऱ्यानं खांद्यामागं हात ठेवायचा, बस्स. झोपताना हेच उलट.

पेशंट घरी यायच्या आधी कमोडची खुर्ची आणा; ऑपरेशननंतर धावतपळत शोधाशोध नको. पाटावर जेवण, खाली वाकून चूल-सिलिंडर बघणं, कळशी उचलणं हे डॉक्टर सांगेपर्यंत बंद. कोल्हापुरी चप्पल काही दिवस कोनाड्यात जाऊ दे: कातडी तळ ओल्या फरशीवर सरकतो आणि बधिर पायातून ती सुटते. मागं पट्टा असलेली रबरी तळाची सँडल घ्या, पावसाळ्यात तर नक्कीच.

पहिल्या दोन-तीन रात्री म्हातारं माणूस असंबद्ध बोलू लागलं तर वेड लागलं म्हणून रडू नका. भूल, गोळ्या, अनोळखी खोली यांनी असं होतं आणि बहुतेक वेळा उतरतं. डॉक्टरांना मात्र लगेच सांगा, आणि चष्मा, कानाचं यंत्र, घड्याळ उशाशी ठेवा.

खाण्यात पाया सूपचा फार बोलबाला. प्यायला हरकत नाही, पण रश्श्यापेक्षा पीस, अंडी, डाळ पोटात गेली पाहिजे. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, म्हणून पाणी आणि पालेभाजीही लागते. कुंथून जोर करणं पाठीला नको.

पाहुण्यांचं मात्र अवघड. चहा होईपर्यंत पेशंटला तासभर खुर्चीत अडकवतात. वीस-पंचवीस मिनिटं झाली की पेशंटनं सरळ उठून चार पावलं चालावं, पाहुण्याला काय वाटेल ते वाटो. टाक्यातून पाणी येणं, ताप, एकाच पोटरीला सूज यांतलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा. गाडीच्या मागच्या सीटवर बसून स्पीडब्रेकर खाणं आणि जोतिबाच्या पायऱ्या, यांची परवानगी सर्जनकडूनच घ्या.