आयसोलेशनमधल्या पेशंटची फिजिओथेरपी: या चुका टाळा

मी मिरजेत फिजिओ करते. सांगली, तासगाव, जतचे पेशंट येतात, पलीकडे कर्नाटकातल्या अथणीपर्यंतचेही येतात. आणि कितीतरी वर्षं एकच वाक्य ऐकतेय, "मॅडम, त्यांना आयसोलेशनमध्ये ठेवलंय, बाहेर आले की सुरू करू." सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

एका हॉस्पिटलला असताना तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार आण्णा आले, साठी उलटलेली. खुब्याचं ऑपरेशन झालं, जखमेत एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद न देणारा जंतू निघाला, दारावर आयसोलेशनचा बोर्ड लागला आणि फाईलवर कुणीतरी 'फिजिओ होल्ड' लिहिलं. का होल्ड, किती दिवस, कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं, त्याचं अजून वाईट वाटतं. १३ दिवस गेले. १४व्या दिवशी उभं केलं तर टाच जमिनीला टेकेना, दोन बोटांएवढी अधांतरी, कारण पाऊल तेवढे दिवस पुढं झुकून पडलेलंच राहिलं आणि पोटरी आखडून बसली. मांडी हाताला सैल लागत होती. आण्णा म्हणाले, "ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीया वं, बांधापर्यंत तरी चालाय येऊ दे." ती टाच टेकायला अडीच महिने गेले, छाटणी पोरानं केली.

झोपून राहिलं की ताकद दिवसाला साधारण १ टक्क्यानं उतरते, वयस्कर माणसाची अजून लवकर. म्हणून मी आता बोर्ड लागला त्याच दिवशी डॉक्टरांना विचारते की कशाला मनाई आहे आणि कशाला नाही, आणि उत्तर फाईलवर लिहून घेते. बहुतेक वेळा मनाई फक्त खोलीबाहेर फिरवायला असते. खोलीत पाऊल वर-खाली, मांडीचे स्नायू ५ सेकंद घट्ट आवळून सोडणं, कडेला पाय सोडून बसणं, मग खुर्ची, एवढं तरी होतंच. पाऊल उशीला टेकवून सरळ ठेवायचं हे सिस्टरना आणि मावशींना रोज सांगते, कंटाळा येईपर्यंत सांगते. बसवायच्या आधी झोपून बीपी, बसवल्यावर परत बीपी. वरचा आकडा २० नं उतरला किंवा गरगरलं तर आडवं करायचं. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ९० टक्क्यांच्या खाली गेलं की थांबायचं, "अजून दोनच" म्हणायचं नाही. एका पोटरीत दुखून सूज आली असेल तर व्यायाम बंद, आधी डॉक्टर.

दुसरी चूक नव्या पोरापोरींची, घाईची. गाऊन-मास्कमध्ये घाम फुटतो, मलाही फुटतो, पण म्हणून बाहेर पडताना आधी मास्क ओढायचा? आधी ग्लोव्हज, मग गॉगल, मग गाऊन आतल्या बाजूनं गुंडाळत, आणि टीबीच्या पेशंटकडून येताना एन-९५ खोलीबाहेर येऊन दार लावल्यावर, सगळ्यात शेवटी. मध्ये हात साफ, शेवटी परत हात साफ. मी इंटर्नना हे पहिल्या आठवड्यात रोज माझ्यासमोर करायला लावते, त्यांना राग येतो, येऊ दे. यात शॉर्टकट घेतला की तोच जंतू आपण शेजारच्या खोलीतल्या ताज्या ऑपरेशनच्या पेशंटकडे घेऊन जातो.

बाकीच्या पटापट सांगते. श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलचं स्पायरोमीटर पेशंट फुंकत बसतात, ते आत ओढायचं असतं, आणि एकाचं दुसऱ्याला कधीच द्यायचं नाही. थेराबँड, म्हणजे व्यायामाची रबरी पट्टी, तोही तसाच, ज्याचा त्याला, तो स्वस्त असतो. वॉकर खोलीतच ठेवा, बाहेर काढायचाच झाला तर नीट पुसून. क्लॉस्ट्रिडियम नावाच्या जंतूचे जुलाब असतील तर सॅनिटायझर चालत नाही, त्याचे बीजाणू त्यानं मरत नाहीत, साबण लावून नळाखाली हात धुवा. आयसोलेशनचा पेशंट शक्यतो राऊंडच्या शेवटी ठेवा, पण "शेवटी" म्हणजे वेळ उरला तर असं नाही.

आणि एक, ज्याकडे कुणी बघतच नाही. आत माणूस एकटा असतो, आपलं तोंड मास्कमागं, नातेवाईक काचेपलीकडं. नुसतं "चला उठा, पाय हलवा" म्हटलं की पेशंट भिंतीकडं तोंड करून पडतो, मग आपण फाईलवर 'सहकार्य नाही' लिहितो. जतकडच्या एक आजी तीन दिवस हूं की चूं करत नव्हत्या. मी गाऊनवर चिकटपट्टी लावून माझं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं, खुर्ची ओढून दोन मिनिटं नुसती बसले, सुनेला व्हिडिओ कॉल लावला. फोन आधीच प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला होता. सून पलीकडून कन्नडमध्ये मोजायला लागली, ओंदु, एरडु, मूरु, आणि आजींचं पाऊल पांघरुणाखाली त्या मोजणीवर हलायला लागलं. पहिल्या दिवशी ६ वेळा, दुसऱ्या दिवशी १०.