चेरी श्रिम्प मरताहेत? माशांच्या सवयी आधी सोडा

चेरी श्रिम्प, म्हणजे घरच्या काचेच्या टाकीत पाळायचे गोड्या पाण्यातले छोटे झिंगे, चिवट असतात असं सांगूनच दुकानदार ते विकतो, आणि त्यात खोटं काही नाही. तैवान आणि चीनकडची निओकॅरिडिना डेव्हिडी ही जात १८ ते २८ अंशांत आरामात राहते, टाकी जमली की न सांगता वाढते. तरी पहिल्याच महिन्यात निम्मे गेले, ही तक्रार काही थांबत नाही. अशा टाक्यांची थोडी चौकशी केली की बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते. मालकाने आधी गप्पी, मोली, एंजल पाळलेले असतात आणि तीच पद्धत इथेही चालू ठेवलेली असते. माशाला जे खपतं, त्यातलं बरंच श्रिम्पला खपत नाही.

पाणी नितळ दिसतंय म्हणून घाई

टाकी भरली, फिल्टर लावला, दोन दिवसांनी श्रिम्प सोडले. या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट ही विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून तयार होणारी विषं पचवणारे जीवाणू अजून तयारच झालेले नसतात. त्यांना साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. किटने तपासून दोन्ही शून्यावर आले की मगच पुढे जा. माझं मत विचाराल तर त्यानंतरही दोन-तीन आठवडे थांबा, कारण श्रिम्पचं खरं अन्न म्हणजे लाकडावर, पानांवर, काचेवर धरणारा बुळबुळीत थर. पिल्लं तर जवळजवळ त्याच्यावरच जगतात. दर रविवारी चारही काचा घासून लख्ख करणारा माणूस त्यांच्यापुढचं वाढलेलं ताट उचलतो. समोरची काच पुसा, बाकीच्या तीन राहू द्या.

टाकी २० लिटरपेक्षा लहान नको. काचेच्या शोभेच्या बरणीतले श्रिम्प फोटोपुरते ठीक.

एकदम पाणी बदलणं

सगळ्यात जास्त श्रिम्प इथे जातात. श्रिम्प वाढतो तो कात टाकून. जुनं कवच मानेमागे, जिथे पाठीची ढाल संपून पोटाचे कडे सुरू होतात तिथे, उकलतं आणि आतला जीव झटका देऊन बाहेर येतो. मेलेला श्रिम्प तळहातावर घेऊन नीट पाहा. त्याच जागी अंगाभोवती पांढरं कडं दिसलं तर समजा, कात अर्ध्यात अडकली. बहुतेकदा कारण दोनपैकी एक असतं. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी आहे, किंवा एकदम इतकं वेगळं पाणी पडलं की त्याने वेळेआधीच कात टाकायला घेतली.

चेरीला जीएच (पाण्यातलं एकूण कॅल्शियम-मॅग्नेशियम) ६ ते १०, केएच (पाण्यातले कार्बोनेट) २ ते ६ आणि टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार, पीपीएममध्ये) १५० ते २५०च्या आसपास लागतो. मुंबईचं तलावांतून येणारं पाणी मऊ असतं, त्यात मिनरल पावडर घालावी लागते. दख्खनच्या पठारावर बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी याच्या उलट, जड. आणि उन्हाळ्यात ज्या सोसायट्या टँकर मागवतात, तिथे एप्रिलमध्ये आणि ऑगस्टमध्ये त्याच नळाला दोन वेगवेगळी पाणी येतात. म्हणून काहीशे रुपयांचा टीडीएस मीटर हा श्रिम्पवाल्याचा पहिला खर्च असायला हवा. खाद्याचे पाच डबे नंतर घ्या.

आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदललं तरी पुष्कळ. नवं पाणी तापमानाला आणि टीडीएसला जुळवून, हवेच्या बारीक नळीने हळूहळू सोडायचं. क्लोरीन काढायला अँटीक्लोरीन घाला किंवा पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवा. मात्र पालिका क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) वापरत असेल तर नुसतं ठेवून ते उडत नाही. बाष्पीभवनाने पातळी खाली गेली तर भर घालताना आरओचं पाणी घ्या, कारण उडतं ते पाणी, क्षार टाकीतच राहतात. पण बदलीचं पाणी म्हणून स्वयंपाकघरातलं आरओ जसंच्या तसं ओतलंत तर टाकीतले क्षार पातळ होत जातात आणि कात अडकायला लागते.

दुकानातून आणलेल्यांनाही हाच नियम. पिशवी पंधरा मिनिटं तरंगवून उलटी करणं माशांना चालून जातं. श्रिम्प एका भांड्यात घ्या, नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब पडू द्या आणि तास-दीड तास दुसऱ्या कामाला लागा. शेवटी जाळीने फक्त श्रिम्प टाकीत सोडा, पिशवीतलं पाणी नको.

डासांचं यंत्र आणि घरातलं बाकीचं विष

सगळे आकडे बरोबर आहेत, काल रात्री सगळे ठीक होते, आज सकाळी निम्मे आडवे. अशा वेळी मी पहिला प्रश्न विचारतो तो पाण्याचा नसतो. खोलीत काय लावलं होतं? डासांची कॉइल, लिक्विडचं यंत्र, झुरळांचा फवारा, पेस्ट कंट्रोल यांत सहसा पायरेथ्रॉइड जातीची रसायनं असतात. ती माणसाला ज्या प्रमाणात चालतात, त्या प्रमाणात कीटकाला चालत नाहीत, आणि श्रिम्प हा कीटकांचाच दूरचा भाऊबंद. वर आपला एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

टाकी असलेल्या खोलीत मच्छरदाणी किंवा खिडकीला जाळी लावा. पावसाळ्यात पालिकेची धुराची गाडी गल्लीत आली की खिडक्या बंद, टाकीवर प्लॅस्टिक आणि धूर विरेपर्यंत पंप बंद. विषबाधेची लक्षणं ठरलेली आहेत. श्रिम्प वेड्यासारखे गोल गोल पोहतात, मग पाठीवर पडून पाय झाडत राहतात. तेव्हा मात्र वरचा नियम बाजूला ठेवून, जुळवलेलं पाणी हाताशी असेल तर ३० ते ५० टक्के बदला आणि फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन टाका. सगळे वाचतीलच असं नाही.

दुसरं विष तांबं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या आणि गोगलगायी मारायच्या बऱ्याच औषधांत ते असतं. बाटलीवर कॉपर दिसलं की ती श्रिम्पच्या टाकीसाठी नाही. पाणी कोमट करायला गिझरचं पाणी मिसळू नका, आत तांब्याची टाकी असू शकते. नव्या वनस्पतीही आठवडाभर वेगळ्या बादलीत, पाणी बदलत ठेवा, त्यांच्यावर कीटकनाशक मारलेलं असू शकतं.

पिल्लं दिसतच नाहीत

मादीच्या मानेमागे खोगिरासारखा पिवळट डाग, म्हणजे आत तयार होणारी अंडी, दिसला की ती तयार. तिने कात टाकली की नर टाकीभर सैरावैरा पोहतात. त्याला आजार समजून पाणी बदलणारेही भेटतात! नंतर पोटाखाली २०-३० अंडी दिसतात आणि ती पायांनी त्यांना वारा घालत राहते. तीन-चार आठवड्यांत आईची हुबेहूब लहान प्रत बाहेर पडते.

इथे गप्पीवाली सवय नडते. अंडीवाली मादी वेगळ्या पेटीत टाकली की ती ताणाने अंडी सोडून देते. तिला आहे तिथेच राहू द्या. पिल्लांचे खरे शत्रू म्हणजे फिल्टरचं उघडं तोंड आणि तोंडात मावेल ते खाणारे मासे. गप्पी, बेटा, एंजल, कुणाचाच भरवसा नको. स्पंज फिल्टर आणि जावा मॉस या पाण्यातल्या शेवाळवर्गीय वनस्पतीचा मोठा गुंता, एवढ्याने फरक पडतो. पोटाखाली गोल अंड्यांऐवजी हिरवट-पिवळा केसाळ पुंजका दिसला तर ती परजीवी वाढ आहे, तो श्रिम्प लगेच वेगळा करा. आणि दुकानदाराने दिलेले अमानो श्रिम्प, म्हणजे वेगळ्याच जातीचे, असतील तर पिल्लांची वाट पाहू नका. त्यांच्या अळ्यांना खारट पाणी लागतं.

लाल, निळे, पिवळे एकत्र ठेवलेत तरी वाढतील, पण काही पिढ्यांत मातकट तपकिरी होतील.

खाणं आणि उन्हाळा

एक दिवसाआड, दोन-तीन तासांत संपेल इतकंच खाणं. उरलेलं काढा. काचेवर त्रिकोणी डोक्याचे पांढरे किडे दिसले तर ती प्लॅनेरिया, म्हणजे तुम्ही जास्त घालताय. सोसायटीतल्या देशी बदामाची (टर्मिनॅलिया कॅटप्पा) गळून वाळलेली तपकिरी पानं हे फुकटचं उत्तम खाद्य आहे. रस्त्यालगतची किंवा फवारणी झालेली नकोत. धुऊन, उकळून एक पान टाका, थोड्या दिवसांत नुसती जाळी उरते.

नागपूर-अकोल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी ३० अंशांच्या वर जातं, त्यातला प्राणवायू घटतो. बर्फ टाकू नका. झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर दोन-चार अंश उतरतात. बाहेर उडी मारणारे मासे नाहीत, ही एक सोय.

आणि सुरुवातीला पाच नव्हे, दहा-पंधरा घ्या, म्हणजे नर-मादी दोन्ही येतील. बाहेरून आलेल्या मालापेक्षा आपल्याच गावात वाढवणाऱ्याकडचे बरे, त्यांना इथल्या पाण्याची सवय असते. घेताना टीडीएस विचारा. आकडा सांगता आला नाही तर दुसरीकडे बघा.