आयसीयूतले पहिले दिवस आणि श्वासाचा हिशोब

नवीन सिस्टर आयसीयूत रुजू झाली की व्हेंटिलेटरपाशी उभी राहून तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, हा कुठला मोड आहे?" मोड म्हणजे मशीनने श्वास कसा द्यायचा त्याची पद्धत, ती मी दुसऱ्या आठवड्यात शिकवते. पहिल्या दिवशी तिला खुर्चीत बसवते, एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवायला लावते आणि म्हणते, नेहमीसारखा श्वास घे. मशीनवरचा प्रत्येक आकडा कुठून आला हे स्वतःच्या छातीत एकदा कळलं की मोड आपोआप समजतात. उलट्या क्रमाने शिकलं तर वर्ष वर्ष आकडे नुसते चार्टवर उतरवले जातात. मी उलट्या क्रमाने शिकले, म्हणून हे तळमळीने सांगते.

तुम्हीही आत्ता करून बघा. नेहमीचा, लक्ष न देता घेतलेला श्वास मोठ्या माणसात साधारण ५०० मिली असतो. हा टायडल व्हॉल्यूम. आता त्यावर अजून जितका ओढता येईल तितका ओढा. आणखी जवळजवळ ३ लिटर हवा आत जाते, ही वरची राखीव जागा. परत नेहमीचा श्वास सोडा आणि सोडून झाल्यावरही जोर लावून सोडत राहा. अजून लिटरभर, थोडी जास्तच निघेल. पोट आत गेलं, डोळ्यांत पाणी आलं, तरी फुफ्फुसात सुमारे १२०० मिली हवा उरतेच. ही रेसिड्युअल हवा कितीही जोर लावला तरी बाहेर येत नाही, त्यामुळे साध्या फुंकायच्या यंत्राने ती मोजताही येत नाही. सगळ्याची बेरीज पुरुषात साधारण ६ लिटर, बाईत त्याहून कमी.

पूर्ण भरून घेतलेला श्वास पूर्ण सोडला की जेवढी हवा बाहेर येते ती व्हायटल कपॅसिटी. हे नाव जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने १८४६ साली दिलं. त्याने स्वतःच्या स्पायरोमीटरवर, म्हणजे फुंकून श्वास मोजायच्या यंत्रावर, दोन हजारांहून जास्त माणसांचे श्वास मोजले आणि ही क्षमता उंचीबरोबर वाढते हे दाखवलं. उंचीची ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. आपल्याकडे व्हायटल कपॅसिटी समजवायला स्पायरोमीटरची गरज नाही. हुतूतू खेळलेल्या कुणालाही विचारा. पलीकडच्या अंगणात शिरताना छाती भरून घेतलेला दम आणि परत येईपर्यंत तो पुरवणं, हीच ती.

आता सगळ्यात महत्त्वाची हवा. नेहमीचा श्वास सोडून झाल्यावर, पुढचा घेण्याआधी, फुफ्फुसात जी असते ती. बसलेल्या माणसात साधारण २४०० मिली. पुस्तकात हिला एफआरसी म्हणतात, मी कणगी म्हणते. दोन श्वासांच्या मधल्या वेळातही रक्ताला ऑक्सिजन लागतो, तो या कणगीतून जातो. शरीर पडल्या पडल्या मिनिटाला साधारण २५० मिली ऑक्सिजन खातं. साध्या हवेवर कणगीत त्याचा साठा अर्ध्या लिटरलाही पोचत नाही, म्हणजे श्वास थांबला की हाताशी एक-दोन मिनिटं. पण ट्यूब, म्हणजे मशीनला जोडायची श्वासनलिकेतली नळी, टाकायच्या आधी मास्क गालाला घट्ट धरून तीन मिनिटं शंभर टक्के ऑक्सिजन दिला, तर आतला नायट्रोजन निघून जातो आणि साठा दोन लिटरच्या आसपास जातो. डॉक्टर ट्यूब टाकत असताना सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, टिकतं ते तुम्ही धरलेल्या मास्कमुळे. मास्क बाजूने गळत असेल तर कणगीही गळकी.

पेशंटला आडवं झोपवलं की पोटातले अवयव छाती-पोटामधल्या श्वासपडद्याला वर ढकलतात आणि कणगी लहान होते. स्थूल माणसात, गरोदर बाईत ती आधीच लहान असते आणि ऑक्सिजनचा खर्च जास्त. अशा पेशंटचं सॅच्युरेशन बघता बघता ९८ वरून ७० वर येताना मी पाहिलं आहे. म्हणून बेडचं डोकं वर घ्या, सांगायची वाट बघू नका. आणि पीप म्हणजे काय, हा प्रश्नही इथेच सुटतो. श्वास सोडून संपल्यावरही मशीन ५ सेंटिमीटर पाण्याएवढा किंवा त्याहून जास्त दाब शिल्लक ठेवतं, म्हणजे फुफ्फुसातले वायुकोश, हवेचे बारीक फुगे, पूर्ण मिटत नाहीत आणि कणगी भरलेली राहते.

एक फरक मात्र कायम डोक्यात असू द्या. आपण श्वास ओढतो, मशीन श्वास ढकलतं. पडदा खाली गेला की छातीतला दाब कमी होतो आणि हवेबरोबर रक्तही हृदयाकडे ओढलं जातं. व्हेंटवर घेतल्यावर छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. ट्यूब टाकल्यावर पाच मिनिटांत बीपी का पडलं याचं हे एक नेहमीचं कारण. त्या वेळी सलाईनची लाइन चालू आहे ना, हे आधी बघून ठेवा.

आता माझी चूक. नोकरीचा दुसरा महिना, रात्रपाळी. न्यूमोनियाची एक बाई व्हेंटवर घेतली. डॉक्टरांनी विचारलं, "वजन?" मी फाइल बघून सांगितलं, ८२ किलो. त्या हिशोबाने टायडल व्हॉल्यूम साडेसहाशेच्या आसपास लागला. रात्रभर हाय प्रेशरचा अलार्म वाजत राहिला आणि मी तो बंद करत राहिले. सकाळी राउंडला भूलतज्ज्ञ मॅडम आल्या, त्यांनी बाईकडे बघून एकच विचारलं, "उंची किती?" कुणालाच माहीत नव्हती. मोजली, १५० सेंटिमीटर.

माणूस जाड झाला म्हणून फुफ्फुस वाढत नाही. ते उंचीप्रमाणे असतं, हचिन्सनने दाखवलेलं तेच. म्हणून टायडल व्हॉल्यूमसाठी वजन उंचीवरून काढतात. बाईसाठी ४५.५ आणि पुरुषासाठी ५० घ्यायचे, उंचीतून १५२.४ वजा करून उरलेल्याला ०.९१ ने गुणायचं आणि मिळवायचं. त्या बाईंचं हे वजन ४३ किलोच्या आसपास येतं. खराब फुफ्फुसाला किलोमागे ६ मिली, म्हणजे २६० मिली. आम्ही रात्रभर त्याच्या अडीचपट हवा ढकलत होतो. ६ मिलीचा हा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेतल्या एआरडीएसच्या, म्हणजे फुफ्फुसं सुजून गंभीर निकामी होण्याच्या आजाराच्या, मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २००० साली आला, त्यात किलोमागे १२ मिली दिलेल्या गटात जवळजवळ ४० टक्के पेशंट दगावले आणि ६ मिलीच्या गटात ३१ टक्के. बाई सुदैवाने घरी गेल्या. त्या दिवसापासून माझ्या खिशात शिंप्याची टेप असते. तुम्हीही ठेवा आणि टाचेपासून डोक्यापर्यंत मोजलेली उंची चार्टवर सगळ्यात वर लिहा.

हवा कमी द्यायची म्हटलं की नवीन मुली लगेच म्हणतात, मग रेट, म्हणजे मिनिटाचे श्वास, वाढवू. वाढवतात, पण एक खाच आहे. नाकापासून वायुकोशापर्यंतच्या नळ्यांत साधारण १५० मिली हवा अडकून राहते, तिथे ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइडची देवघेव होत नाही. ५०० मिलीचे १२ श्वास म्हणजे मिनिटाला ६ लिटर, आणि कामाची हवा ४.२ लिटर. २५० मिलीचे २४ श्वास म्हणजेही ६ लिटरच, पण कामाची फक्त २.४. उथळ, भरभर श्वास घेणारा पेशंट दमून का जातो, हे या गुणाकारात आहे. शिवाय दम्याच्या किंवा सीओपीडीच्या (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या) पेशंटला श्वास सोडायलाच वेळ लागतो. रेट वाढवला तर आधीची हवा निघायच्या आत पुढची येते आणि छाती फुगत जाते. पुढचा श्वास यायच्या आत मशीनवरचा फ्लोचा, म्हणजे हवेच्या प्रवाहाचा, आलेख शून्याला टेकतोय का, ते बघत जा.

अलार्मबद्दल थोडक्यात. प्रेशर वाढलं तर डॉक्टरांना सांगून इन्स्पिरेटरी होल्ड घ्या, म्हणजे श्वास आत भरून क्षणभर थांबवा, आणि प्लॅटो, म्हणजे त्या थांबलेल्या वेळचा दाब, बघा. वरचं पीक प्रेशर जास्त पण प्लॅटो ठीक, तर अडथळा नळीत आहे: ट्यूब दुमडली, पेशंट चावतोय, कफ साठलाय, नळ्या आवळल्या आहेत. दोन्ही जास्त, तर दुखणं फुफ्फुसात किंवा छातीत: न्यूमोनिया, पाणी, फुफ्फुसाबाहेर छातीत हवा भरणं, नाहीतर ट्यूब खोल जाऊन एकाच बाजूला गेली आहे. प्लॅटो ३० सेंटिमीटर पाण्याच्या आत असायला हवा. सॅच्युरेशन एकदम घसरलं आणि कारण कळत नसेल तर मदतीला हाक मारा, मशीनपासून सोडवून ऑक्सिजन लावलेल्या अंबू बॅगने, म्हणजे हाताने पिळायच्या पिशवीने, श्वास द्या. जास्त पीपवरचा पेशंट मात्र किरकोळ कारणासाठी सोडवू नका, मिटलेले वायुकोश पुन्हा उघडायला तास जातात. अंबू बॅग दोन हातांनी पिळू नका. मोठ्यांच्या बॅगेत दीड लिटरच्या आसपास हवा असते, आपल्याला छाती जरा उचललेली दिसली की पुरे.

हे सगळं मला एका मुलामुळे मनात पक्कं बसलं. एकोणीस वर्षांचा, शेतावर जमिनीवर झोपलेला, पहाटे पोट दुखतंय म्हणून उठला. मण्यार साप चावली तर बरेचदा कळतही नाही. आला तेव्हा पापण्या जड, आवाज नाकातून. त्याला म्हटलं, छाती भरून घे आणि एका दमात आकडे म्हण. ३० पर्यंत गेला. धडधाकट माणूस चाळिशी सहज ओलांडतो. अर्ध्या तासाने १८, मग ११. सॅच्युरेशन तेव्हाही ९७ होतं, कारण फुफ्फुसं चांगलीच होती, ताकद संपत होती. याच कारणाने जीबीएस या नसांच्या, स्नायू लुळे पाडणाऱ्या आजारातही, २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात त्याचे इतके पेशंट झाले तेव्हाही, व्हायटल कपॅसिटीवर नजर ठेवावी लागते आणि ती किलोमागे २० मिलीच्या खाली उतरली की सॅच्युरेशनची वाट बघत नाहीत. ११ ऐकल्यावर डॉक्टरांनी ट्यूब टाकली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, प्रकाशाला हलत नव्हत्या, बोटही हलत नव्हतं. बापाने बाहेर मला विचारलं, "संपलं का?" मी सांगितलं, मण्यारीत असं दिसतं, तो सगळं ऐकतोय. फुफ्फुसाचं काम मशीन करतंय, विष उतरेपर्यंत. त्यानंतर प्रत्येक पाळीला मी त्याच्या कानाशी वार, तारीख आणि बाहेर पाऊस आहे की ऊन, ते सांगत असे. सक्शन, म्हणजे नळीतला कफ ओढणं, तेही आधी सांगून.

चौथ्या दिवशी पायाचा अंगठा हलला. सातव्या दिवशी ट्यूब काढली. संध्याकाळी त्याला परत आकडे म्हणायला लावले. २६ वर थांबला, दम घेतला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "सिस्टर, मंगळवारी तुम्ही आला नाहीत."

मंगळवारी माझी सुट्टी होती.